व्होकॅलॉइड गाणी ऐकायची आहेत? सुरुवात इथून करा

हात्सुने मिकू ही माणूस नाही, सॉफ्टवेअर आहे. यामाहाच्या व्होकॅलॉइड तंत्रावर आधारलेला हा आवाज साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणला. त्यासाठी साकी फुजिता या अभिनेत्रीचा आवाज रेकॉर्ड केला होता. संगीतकार सूर आणि शब्द भरतो, मिकू गाते. हा आवाज सुरुवातीला कानाला टोचतो. दोन-तीन गाण्यांनंतर सवय होते.

पहिलं गाणं 'मेल्ट' (२००७). त्याआधी मिकूची बरीच गाणी मिकूबद्दलच असायची. र्‍यो यांनी तिच्याकडून एका साध्या मुलीचं प्रेमगीत गाऊन घेतलं. त्यानंतर कॉस्मो यांचं 'हात्सुने मिकू नो शोशित्सु' ऐकावं. पुसल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा निरोप इतका वेगवान आहे, की गाताना माणसाला धाप लागेल. मिकूला श्वास घ्यावाच लागत नाही! 'सेनबोनझाकुरा' (२०११) तर पारंपरिक जपानी वाद्यांवरही वाजतं.

'मात्र्योश्का' हाची यांचं. हेच पुढे केन्शी योनेझू या खऱ्या नावाने, स्वतःच्या आवाजात जपानभर गाजले.

सगळ्यात अस्वस्थ करतं ते वोवाका यांचं 'रोलिंग गर्ल' (२०१०). पुन्हा पुन्हा कोसळणाऱ्या मुलीचं हे गाणं सबटायटल लावून ऐकावं. वोवाका नंतर हितोरिए बँडमध्ये स्वतः गाऊ लागले. २०१९ मध्ये, ३१व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तरी 'रोलिंग गर्ल' आधी मिकूच्याच आवाजात ऐकावं.