तंजावरचे श्वार्ट्झ चर्च आणि सरफोजीराजे

नोकरीनिमित्त तंजावरला आलेला मराठी माणूस आधी बृहदीश्वराचे मोठे देऊळ पाहतो, मग राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. देवळाशेजारी शिवगंगा बागेपाशी एक साधे, छोटे चर्च आहे, तिकडे सहसा कोणी वळत नाही. मी डिप्लोमा झालेला रेल्वेतला इंजिनिअर, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तरी या वास्तूशी आपले नाते आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे चर्च 1779 चे, तुळजाजीराजांच्या कारकिर्दीतले. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी. जन्म 1726 चा. 1750 मध्ये ते तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आले आणि पुढे तंजावरला स्थायिक झाले. त्यांच्या सचोटीची ख्याती एवढी, की 1779 मध्ये इंग्रजांनी त्यांनाच बोलणी करण्यासाठी हैदर अलीकडे पाठवले.

1787 मध्ये मृत्युशय्येवरील तुळजाजींनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांना श्वार्ट्झ यांच्या हवाली केले. पण दत्तकविधान अशास्त्रीय ठरवून कंपनीने अमरसिंहांना गादी दिली. श्वार्ट्झ यांनी सरफोजींची बाजू सोडली नाही. मुलाच्या जिवाला धोका दिसताच त्याला मद्रासला हलवून त्याच्या शिक्षणाची सोय केली. अखेर 1798 मध्ये सरफोजी गादीवर बसले. तो दिवस पाहायला गुरू उरले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते.

गादी मिळाली, पण 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला आणि वाडा तेवढा राहिला. अशा वेळी त्यांनी ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला. 1803 मध्ये मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. आणि लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून गुरूंचे संगमरवरी स्मारक करवून ते या चर्चमध्ये बसवले. त्यात अंथरुणाला खिळलेल्या गुरूंचा हात राजांनी हाती धरलेला दिसतो.

राजांनी धर्म बदलला नाही आणि गुरूचे ऋणही विसरले नाहीत. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यापेक्षा वेगळा धडा कशाला हवा? गावाकडचे पाहुणे आले, की देवळानंतर दहा मिनिटे काढून हे चर्चही त्यांना जरूर दाखवा.

गणपती बाप्पा मोरया!