कामगार संघटनांच्या सभासद-नोंदी आणि गोपनीयता

कामगार चळवळीचा इतिहास सांगताना संप, सभा व वाटाघाटी यांचा विचार विस्ताराने होतो. सभासदांच्या नावांच्या यादीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः ही यादी कोणाच्या हाती पडते यावर अनेक कामगारांचा चरितार्थ अवलंबून राहिला आहे.

इंग्लंडात संघटनाबंदीचे कायदे १८२४ साली रद्द झाले. तथापि १८३४ च्या मार्च महिन्यात डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. संघटना करणे हा गुन्हा उरला नव्हता. म्हणून नौदलातील बंडाळीनंतर १७९७ साली झालेल्या बेकायदा शपथांविषयीच्या कायद्याचा आधार घेण्यात आला. मजुरी आठवड्याला सात शिलिंगांवरून सहावर येण्याचे भय होते. जॉर्ज लव्हलेस व त्याचे सोबती नव्या सभासदाचे डोळे बांधून, सांगाड्याच्या चित्रासमोर, त्याच्याकडून गुप्ततेची शपथ घेववीत. हा विधी आज काहीसा नाटकी वाटेल. परंतु मालकास नाव कळताच काम जाण्याचा संभव असताना शपथेवाचून दुसरे संरक्षण कोणते होते? तेही अपुरेच ठरले, कारण दीक्षा घेतलेल्यांपैकीच दोघांनी न्यायालयात साक्ष दिली. शिक्षा १८३६ साली माफ झाली.

हिंदुस्थानात मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने बी. पी. वाडिया यांना मनाई केली. त्यानंतर ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडला व अखेर १९२६ चा कायदा झाला. त्याने सभासदांची यादी ठेवणे नोंदणीकृत संघटनेस बंधनकारक केले. पण ती पाहण्याचा अधिकार संघटनेचे पदाधिकारी व सभासद यांनाच दिला. मालकाचा त्यात उल्लेख नव्हता. ‘सभासद’ म्हणजे व्युत्पत्तीने सभेत उघडपणे बसणारा. त्याच्याच नावाला आडोसा द्यावा लागावा, हे लक्षणीय होय.

हा आडोसा पुढे मान्यतेच्या प्रश्नाने विरळ झाला. मुंबईच्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यान्वये प्रातिनिधिक संघटना ठरे ती सभासदसंख्येवरून, आणि संख्या सिद्ध करावयाची तर नावे दाखविणे आले. पगारातूनच वर्गणी कापण्याची पद्धत जेथे होती तेथे तर यादी मालकाच्या कचेरीत आपोआप तयार होई. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले. तरी कायद्याने वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. गुप्त मतदानाची मागणी केवळ संख्येची नव्हती, तर निर्भयतेचीही होती, असे म्हणावयास हरकत नाही. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा मतदानाची कार्यपद्धती १९९५ साली घालून दिली.

मालकांची यादी मात्र वेगळीच असे. ब्रिटनमध्ये काळ्या यादीस आळा घालणारे नियम करण्याचा अधिकार सरकारला १९९९ च्या कायद्याने मिळाला होता. नियम मात्र २०१० साली झाले. मधल्या काळात, २००९ मध्ये, माहिती आयुक्तांच्या अधिकाऱ्यांनी बांधकाम कंपन्यांसाठी चालणाऱ्या ‘कन्सल्टिंग असोसिएशन’ या संस्थेवर छापा घातला. तेथे ३,२१३ व्यक्तींच्या नोंदी सापडल्या. संघटनेतील कार्य, कामावरील सुरक्षिततेविषयी केलेल्या तक्रारी, असा तपशील त्यांत होता. आपणास काम का मिळत नाही, हे त्यांतील अनेकांना तोवर ठाऊक नव्हते.