अर्जाचा कागद आणि वकिलीचे दार

बाप्पांच्या आगमनाची तयारी चालू असते त्याच दिवसांत आपल्या बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत आणखी एक गडबड चालू असते. बारावीतली मुले-मुली क्लॅटचे अर्ज भरत असतात. परीक्षा अलीकडे डिसेंबरात होते, पण अर्ज श्रावण-भाद्रपदातच. एकशे वीस प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, हे आता शेजारच्या काकूंनाही तोंडपाठ झाले आहे.

आम्ही राज्य सरकारचे नोकर. शिक्षण डिप्लोमापुरते, त्यामुळे वकिली काही आमच्या वाट्याला आली नाही. पण दाखल्यांच्या टेबलावर काही वर्षे काढल्यामुळे कागद बारकाईने वाचायची सवय लागली. त्यामुळे कायदा शिकायला निघालेल्या जुन्या थोर मंडळींची चरित्रे वाचताना आमचे लक्ष परीक्षेच्या निकालापेक्षा त्याआधीच्या कागदांवर जाते. अर्ज कोणी केला, शिफारस कोणाची होती, पैसे कोणी दिले आणि त्या पैशाबरोबर अट कोणती आली? आमचे मत असे की वकिलीचे दार परीक्षेने उघडते हे अर्धेच खरे आहे. त्या दाराशी पोहोचू द्यायचे की नाही, हे आधीच दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर ठरलेले असे.

आपल्याकडे हे शिक्षण सुरू झाले मुंबईत. १८५५ साली सरकारी लॉ कॉलेजची सुरुवात झाली आणि १८५७ साली विद्यापीठ आले. न्यायमूर्ती रानडे, पुढे लोकमान्य टिळक हे मुंबईचे एलएल.बी. ज्यांना पदवीपर्यंत जाणे जमत नसे त्यांच्यासाठी जिल्हा वकिलीची परीक्षा होती. ती दिली की सनद मिळे आणि मुफसल कोर्टात उभे राहता येई. पुण्यात स्वतः टिळकांनी अशा परीक्षांसाठी लॉ क्लास चालवला होता. म्हणजे क्लासेसचे प्रस्थ आजचे नाही!

दुसरी वाट विलायतेची. लंडनच्या चार ‘इन’पैकी एकात नाव दाखल करायचे, ठराविक सत्रे पुरी करायची, परीक्षा द्यायची आणि बॅरिस्टर होऊन यायचे. सत्र पुरे करणे म्हणजे वर्गात बसणे नव्हे, तर इनच्या भोजनगृहात ठराविक वेळा जेवायला हजर राहणे. गांधीजी १८८८ च्या नोव्हेंबरात इनर टेंपलमध्ये दाखल झाले आणि १८९१ च्या जूनमध्ये बॅरिस्टर झाले. त्या जेवणावळींची आणि परीक्षा किती सोपी होती त्याची त्यांनी आत्मकथेत चांगलीच मौज केली आहे. चौघांच्या टेबलावर वाइनच्या दोन बाटल्या मिळत आणि गांधीजी घेत नसत, म्हणून आपल्या टेबलावर तेच असावेत अशी प्रत्येकाची इच्छा असे. परीक्षा सोपी, अर्ज सोपा. मग अवघड काय होते? बोटीचे भाडे, इनची फी आणि तिथे तीन वर्षे राहण्याचा खर्च. घरच्यांची संमती आणि जातीचा रोष हे आणखी वेगळे. गांधीजींना जातीने वाळीत टाकले होते, हे आपण सगळे जाणतो.

या वाटेवरची आमची सर्वांत आवडती हकिकत वल्लभभाई पटेलांची. शिक्षणासाठी ते काही काळ आपल्या बडोद्यातही होते. जिल्हा वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी गोध्र्याला आणि पुढे बोरसदला वकिली केली, पै पै साठवली आणि विलायतेला जाण्याची तजवीज केली. प्रवासाचे कागद आले ते ‘व्ही. जे. पटेल’ या नावाने. घरात व्ही. जे. पटेल दोन होते. थोरले बंधू विठ्ठलभाई म्हणाले, मोठा भाऊ मागे राहून धाकटा गेला तर लोक काय म्हणतील? वल्लभभाईंनी कागद भावाच्या हाती दिले. त्या कागदांवर १९०५ साली विठ्ठलभाई गेले, खर्चही वल्लभभाईंनीच उचलला. स्वतः गेले १९१० मध्ये, वयाच्या पस्तिशीत, पत्नीच्या निधनानंतर, मुले मागे ठेवून. मिडल टेंपलचा छत्तीस महिन्यांचा क्रम त्यांनी तीस महिन्यांत पुरा केला आणि १९१३ साली परतले. दोन आद्याक्षरांमुळे पाच वर्षे लांबली! टेबलावर बसणाऱ्याला या गोष्टीचे मुळीच नवल वाटत नाही.

वल्लभभाईंची वर्षे लांबली, पण दार बंद नव्हते. ज्यांच्यासाठी ते मुळात बंदच होते अशांपैकी एक नाशिकच्या लेकीचे नाव आहे. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. गुणांच्या जोरावर विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क होता, पण अर्जदार स्त्री असल्यामुळे ती नाकारली गेली. मधल्या काळात त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना शिकवले. शेवटी इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी पैसे जमवले. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसण्यासाठी विद्यापीठाची खास परवानगी लागली आणि ती मिळाल्यावर १८९२ मध्ये त्या बसल्या. पदवी मात्र हातात पडली १९२२ साली. ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हते.

त्या परत आल्या तेव्हा इथे प्रश्न उभा राहिला की ही परीक्षा धरायची की नाही. म्हणून त्यांनी १८९७ मध्ये मुंबईची एलएल.बी. केली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाही. काठेवाडातल्या पडदानशीन राण्यांच्या वतीने एजंटापुढे कैफियत मांडायची खास परवानगी मिळाली, पण कोर्टात उभे राहायची नाही. १९०४ पासून त्यांनी बंगालात कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत शेकडो स्त्रियांची कामे पाहिली, तीही सल्लागार म्हणून.

अडचण काय होती? १८७९ च्या कायद्यात वकील होऊ शकणाऱ्यासाठी ‘व्यक्ती’ असा शब्द होता. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टापुढे आला. पाच न्यायाधीशांनी ठरवले की या व्यक्तीत स्त्री येत नाही. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्यात तेच उत्तर मिळाले. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र कॉर्नेलियाबाईंचे नाव वकिलांच्या यादीत घेतले. एकच कायदा, एकच शब्द आणि हायकोर्ट बदलले की अर्थ वेगळा. शेवटी १९२३ साली वेगळा कायदाच करावा लागला: केवळ स्त्री आहे म्हणून कोणाला वकिलीला अपात्र ठरवता येणार नाही. तोवर कॉर्नेलियाबाईंच्या वयाची छप्पन्न वर्षे उलटली होती. आज आपल्या सोसायटीतल्या मुली अर्जात लिंगाच्या रकान्यात खूण करून पुढच्या पानावर जातात. त्या रकान्याला एवढा इतिहास आहे हे त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

आता आपल्या गावाशी थेट नाते असलेली गोष्ट. सयाजीराव महाराजांच्या मदतीने भीमराव आंबेडकरांचे बी.ए.पर्यंतचे शिक्षण झाले आणि १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत दाखल झाले. पुढे अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दरबारची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. जूनमध्ये त्यांनी करारनाम्यावर सही केली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, ही त्यातली अट.

हा करार आम्ही चाकरमान्याच्या नजरेने वाचतो. महाराजांचे औदार्य मोठेच होते, त्यात शंका नाही. पण शिष्यवृत्ती वकील घडवण्यासाठी नव्हती. कोलंबियातली कामगिरी करून बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला आले, अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि ११ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. कायद्याचे दार त्यांनी स्वतःहून बाजूला उघडून ठेवले, असे आम्हाला दिसते. आणि मुदत संपली. बडोद्याहून बोलावणे आले. लंडनचे शिक्षण पुढच्या चार वर्षांत पुन्हा धरता येईल अशी परवानगी त्यांनी मिळवली आणि १९१७ मध्ये ते परतले. पाठवलेली पुस्तके ज्या बोटीत होती ती युद्धात बुडाली.

मग बडोदे. करारातली नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही बाहेर काढले गेले. कमाटी बागेत झाडाखाली बसून त्यांनी काय सोसले ते आता देश जाणतो. आपण त्या बागेत रोज सकाळी फिरायला जातो, म्हणून हे इथे लिहिले. दहा वर्षांची अट काही महिन्यांतच मोडली, आणि ती मोडण्याचे कारण करारनाम्याच्या कोणत्याही कलमात नव्हते.

उरलेल्या वाटेचे पैसे दरबारचे नव्हते. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांचे कर्ज. १९२० मध्ये ते लंडनला परतले, १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. मुंबईत येऊन सनद घ्यायची तर तिचीही फी हवी. तेव्हाही भथेनाच धावून आले. १९२३ च्या जुलैत नाव दाखल झाले. अर्ज १९१६ चा, सनद १९२३ ची. पुढे हेच गृहस्थ मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले.

सगळे पुरे करूनही शेवटची सही अडू शकते, हे याच ग्रेज इनने सावरकरांच्या बाबतीत दाखवले. टिळकांच्या शिफारशीने, श्यामजी कृष्णवर्मांच्या मार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ते १९०६ मध्ये गेले, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९०९ मध्ये राजकारणामुळे इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून घोषित करायचे नाकारले.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १९२४ मध्ये पुण्यात लॉ कॉलेज निघाले, विलायतेची ओढ हळूहळू कमी झाली. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे भेद मिटवले. ऐंशीच्या दशकाअखेर बंगळूरला नॅशनल लॉ स्कूल उभे राहिले, बारावीनंतर पाच वर्षांचा क्रम रूढ झाला. गांधीनगरला विधि विद्यापीठ आले ते २००३ च्या कायद्याने. प्रत्येक विद्यापीठाची वेगळी परीक्षा द्यायला मुले देशभर हिंडत, म्हणून २००८ पासून एकच क्लॅट. शिफारसपत्र गेले, जेवणावळी गेल्या.

दाखला मात्र राहिला, आणि आपल्यासारख्या चार पिढ्या बाहेर स्थिरावलेल्या घरांची खरी गाठ तिथेच पडते. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत महाराष्ट्रातले आणि महाराष्ट्राबाहेरचे असे उमेदवारांचे सरळ वर्ग आहेत. तिथल्या विधि विद्यापीठांतही राज्याच्या रहिवाशांसाठी जागा राखलेल्या असतात. घरात मराठी, देवघरात खंडोबा, आडनाव थेट साताऱ्याचे, तरी अर्जात आपले मूल बाहेरचे. अनेक पालकांना याचा राग येतो. आम्हाला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रवेशांच्याच एका खटल्यात स्पष्ट केले की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्ये ज्याला डोमिसाईल म्हणतात तो खरे तर राहण्याचा पुरावा. आणि राहतो तर आपण इथे. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० ला गुजरात वेगळे झाले. मधली अकरा वर्षे आपले आजोबा आणि मुंबईकर एकाच राज्याचे रहिवासी होते. आज त्यावर हक्क सांगता येत नाही, आणि ते ठीकच आहे.

राखीव प्रवर्गातल्या कुटुंबांना मात्र ही तारीख-वार माहिती नीट असायला हवी. जातीचा दाखला ठरतो तो राष्ट्रपतींच्या आदेशाच्या दिवशी कुटुंब कायमचे कुठे राहत होते त्यावर. अनुसूचित जातींसाठी तो दिवस १० ऑगस्ट १९५०. नंतर स्थलांतर केलेल्यांना नव्या राज्यात त्या दाखल्यावर प्रवेशाचा लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सांगितले. म्हणजे आजोबा १९४५ ला बडोद्यात आले की १९५५ ला, यावर नातवाचा अर्ज कोणत्या राज्यातल्या यादीत बसतो ते अवलंबून.

हा पुरावा कुठे असतो? आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात, शाळेच्या जनरल रजिस्टरात, घराच्या जुन्या कागदांत, संस्थानी नोकरीच्या हुकमात. ते शोधावे आणि त्यांची साक्षांकित प्रत करून ठेवावी. नावांकडेही पाहावे. आमच्या टेबलावर सर्वाधिक खोळंबा होतो तो नावांचा. एका कागदावर दत्तात्रय, दुसऱ्यावर दत्तात्रयराव, तिसऱ्यावर गुजराती नोंदीत दत्तुभाई. माणूस एकच, पण कागद तीन माणसे दाखवतात. दुरुस्तीला राजपत्र, प्रतिज्ञापत्र, शाळेचे पत्र असे काय काय लागते आणि महिने जातात. ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत जुनी ट्रंक काढावी, पुढच्या भाद्रपदापर्यंत ते काम होऊन जाते.