पिसांच्या माश्या: बांधणी, अदलाबदल आणि रानकोंबडा

गळाच्या दांडीवर पिसे, लोकर व दोरा गुंडाळून तयार केलेल्या कृत्रिम कीटकास किंवा लहान माशास मासेमारीच्या परिभाषेत ‘फ्लाय’ म्हणतात. मराठीत तिला पिसांची माशी म्हणावयास हरकत नाही. मासा आणि माशी या शब्दांचे सान्निध्य थोडा गोंधळ करते, पण त्यास इलाज नाही. सामान्य गरवण्यात पाण्यात शिसे फेकले जाते आणि दोर त्याच्यामागे ओढला जातो. येथे उलट आहे. माशीला वजन जवळजवळ नसते; दोरच जड असतो आणि तो तिला वाहून नेतो. त्यामुळे माशी हलकी व नेमकी बांधणे हा या छंदाचा निम्मा भाग ठरतो.

मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर व कोंबड्याची दोन पिसे गळाला बांधून मासे धरीत, असे एलियन या रोमन लेखकाने इसवी सन २०० च्या सुमारास नोंदविले आहे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. तेथे भर आहे तो खाण्याच्या आमिषावर. पिसांची माशी भारतात रुजली ती इंग्रजी अंमलात, थंड पाण्यातल्या ट्राउटबरोबर आणि महसीरच्या नद्यांवर.

परदेशी दुकानांच्या किमती पाहून नवशिका बिचकतो. वस्तुतः गळ आणि तो धरून ठेवणारी पकड सोडली, तर बहुतेक सामग्री कापडबाजारात मिळते. सुरत–बारडोली रस्त्यावरील कडोदरा हे गाव त्याचे उत्तम उदाहरण. मुंबई–अहमदाबाद महामार्ग येथून जातो, आणि खानदेशातून सुरतेच्या कापडधंद्यात आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांचा हा ओळखीचा रस्ता आहे. सुरतेची जर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. तार चपटी केली की ‘बादला’ होतो. बादला रेशमी धाग्यावर गुंडाळला की ‘कसब’ तयार होते. माशीच्या पोटावर फिरविली जाणारी चपटी व गोल चंदेरी पट्टी म्हणजे जवळपास याच दोन वस्तू. परदेशी पाकिटातले झगमगते तंतूही मूळ धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिस्टर फिल्मच्या बारीक पट्ट्याच असतात. नकली जर त्याच जातीची. डोळ्यांसाठी बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी कापून घेतली तरी चालते, आणि हा काही गरिबीचा उपाय नव्हे. जाणकारही तेच करतात.

पहिली माशी म्हणून ‘वूली बगर’ सुचविली जाते. आठ क्रमांकाचा लांब दांडीचा गळ घ्यावा. (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होत जातो, हे ध्यानात ठेवावे.) दांडीवर दोऱ्याचे अस्तर द्यावे. मागे मऊ, भुरभुरीत पिसांची शेपटी दांडीइतक्याच लांबीची बांधावी. मग लव असलेला जाड धागा पुढे गुंडाळीत आणावा आणि त्यावरून कोंबड्याच्या मानेचे पीस वळसे घेत न्यावे. शेवटी दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली ओढून गाठ मारावी व नखांच्या रंगहीन पॉलिशचा थेंब सोडावा. नवशिक्याची माशी बहुधा नेढ्यापाशी बिघडते: पुढे जागाच उरत नाही आणि दोर ओवता येत नाही. म्हणून एकाच जातीच्या दहा-बारा माश्या सलग बांधाव्यात. पाचवी पहिलीपेक्षा निश्चित बरी होते.

अदलाबदलीची प्रथा येथेच उपयोगी पडते. बारा जण ठरले तर प्रत्येकाने आपल्या एकाच नमुन्याच्या बारा माश्या बांधून ठरल्या तारखेपर्यंत संयोजकाकडे पाठवायच्या. संयोजक त्या वाटून प्रत्येकाला बारा निरनिराळ्या माश्यांचा संच परत करतो. प्रत्येक गळाला बांधणाऱ्याचे नाव व नमुना लिहिलेली चिठ्ठी हवी, टोक फोममध्ये रुतविलेले हवे आणि परतीचा टपालखर्च सोबत हवा. दुसऱ्याच्या हातची माशी उलगडून पाहिली की वेढे कसे दिले ते कळते; चित्रावरून ते कळत नाही. पिसांतून कसर पसरू नये म्हणून ती आधी बंद पिशवीत काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवतात.

चिठ्ठीवर सामग्रीची यादीही असावी, आणि हा मुद्दा शिष्टाचारापुरता नाही. सामन माशासाठीच्या जुन्या इंग्रजी नमुन्यांत गालावर एक चकचकीत, मेणासारख्या ठिपक्याचे पीस असते. ते करड्या रानकोंबड्याच्या मानेचे. हा पक्षी केवळ भारताचा: म्हादई व मोलेच्या जंगलात, तसाच सुरतेच्या दक्षिणेस डांगमध्ये त्याची बांग ऐकू येते. या पिसांच्या मागणीपायी त्याची एके काळी बेसुमार शिकार झाली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याची शिकार व पिसांचा व्यापार गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये पाळीव पैदाशीची पिसे कायदेशीर विकली जातात, पण ती येथे बिनपरवाना मागविता येत नाहीत. मोराची आपसूक गळलेली पिसे देशात चालतात, पण परदेशी पाकिटात घालता येत नाहीत. निर्यातीस बंदी आहे. छंदाचा हव्यास किती दूर जातो हे जून २००९ मध्ये दिसले. इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून बासरी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, ती माश्या बांधणाऱ्यांना विकण्यासाठी. त्यांत आल्फ्रेड वॉलेसने गोळा केलेले नमुनेही होते. जी परत मिळाली त्यांतल्या अनेकांच्या चिठ्ठ्या नाहीशा झाल्या होत्या, आणि स्थळ-काळाच्या नोंदीविना असा नमुना शास्त्राला जवळजवळ निरुपयोगी असतो.

गोव्याच्या खाड्यांतील चोणक व तांबसो यांना तर अशा पिसांची गरजही नाही. ‘क्लाउझर मिनो’ हा जड डोळ्यांचा, केस व चमकत्या तंतूंचा नमुना लहान माशासारखा खाली झेपावतो; चोणकाला तो पुरतो. घाटावरच्या नद्यांतील खडशी, म्हणजे दख्खनी महसीर, हिचे शास्त्रीय वर्णन साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतील नमुन्यावरून केले. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात तिची पिल्ले वाढविली जातात. तिच्यासाठी गळाचा काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे ओठ न फाटता मासा सुटतो. अदलाबदलीत आलेल्या माशीचा काटा दाबलेला आहे की नाही, हे चिठ्ठीवर लिहिण्याची पद्धत अजून सर्वत्र नाही. ती पडायला हवी.