येशूसंघीयांची साल

हिवतापावरचे कोयनेल, म्हणजेच क्विनाईन, हे सिंकोना वृक्षाच्या सालीतील कडू अल्कलॉइड. पेरूमधील येशूसंघीयांनी ही साल सतराव्या शतकात रोमला पोहोचविली. कार्डिनल द लुगो यांनी ती गोरगरिबांना वाटली. प्रॉटेस्टंट इंग्लंड मात्र या ‘येशूसंघीयांच्या साली’कडे संशयाने पाही. १८२० मध्ये पेलेतिए व कावांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनाईन वेगळे काढले.

नावांचा इतिहास तितका निर्मळ नाही. लिनीअसने १७४२ मध्ये वृक्षाला चिंचोनच्या काउंटेसचे नाव दिले. सालीने ती बरी झाल्याची कथा निराधारच. क्विनाईनने समृद्ध असे बियाणे बोलिव्हियातील मान्युएल इंक्रा मामानी याने चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी गोळा केले. त्यापायी पुढे तुरुंगवास व मारहाण सोसली. ते १८६५ मध्ये डचांनी विकत घेतले, जावात मळे फुलले. जातीला नाव पडले लेजरचे!