तंबूंचें बेट

लँकेशायरमधील कापडगिरण्यांचे भोंगे वर्षांतून एक आठवडा मुके होत. प्रत्येक गांवाचा आठवडा निराळा. मुळांत हा गांवच्या देवळाच्या जत्रेचा काळ. पुढें देव मागें पडला आणि सुटी तेवढी उरली. त्या दिवसांत ओल्डहॅम किंवा बोल्टनसारखें गांव ओस पडे. धुराड्यांतून धूर निघत नसे, व ज्याला शक्य असेल तो आगगाडी धरून समुद्राकडे धांव घेई. या सुटीचा पगार मात्र मिळत नसे. पगारी रजेविषयींचा कायदा इंग्लंडांत झाला तो १९३८ सालीं. म्हणून मजूर दर आठवड्यास कांहीं पेन्स एका मंडळांत भरीत, आणि सुटीच्या तोंडावर तो गल्ला फुटे. आपल्याकडील भिशीशीं जवळचें नातें सांगणारा हा प्रकार होय.

ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेलीं धोतरें हिंदुस्थानच्या बाजारांत खपत, आणि १९०५ सालीं स्वदेशीच्या चळवळींत बहिष्कार पडला तो याच विलायती कापडावर. त्या कापडामागील माणूस मागापुढें दिवसाचे दहा तास उभा राहून समुद्रकांठच्या एका आठवड्यासाठीं पै-पैसा सांठवीत होता, हें इकडे फारसें कोणाच्या ध्यानीं येण्याचें कारण नव्हतें.

ज्यांचा गल्ला जरा जड असे ते आगगाडीवर न थांबतां बोटींत बसत. लिव्हरपूलहून सुमारें ८० मैलांवर आइल ऑफ मॅन हें बेट आहे. लांबी ३३ मैल, रुंदी १३ मैल. कायदेमंडळ स्वतःचें, त्याचें नांव टिनवाल्ड. १८३० मध्यें या बेटाची स्वतःची आगबोट कंपनी निघाली. डग्लस गांवाच्या उपसागराभोंवतीं १८७० नंतरच्या दशकांत लांबलचक समुद्रमार्ग बांधला गेला, १८७६ मध्यें त्यावर घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि मार्गाच्या कडेला एकाला एक लागून खानावळीवजा पाहुणेघरें उभीं राहिलीं. लोकवस्ती अवघी ५२ हजार. परंतु १९१३ च्या हंगामांत या बेटावर सहा लाखांहून अधिक पाहुणे उतरले!

या गर्दींत जोसेफ कनिंगहॅम नांवाच्या लिव्हरपूलकर गृहस्थाची युक्ति वेगळी होती. पाहुणेघरांतील खोली परवडत नाहीं अशा तरुणांसाठीं त्यानें १८९४ मध्यें तंबूंची छावणी घातली, व १९०४ मध्यें ती डग्लसच्या वरच्या उतारावर आणली. प्रवेश फक्त पुरुषांस, दारूस सक्त मनाई. कारकून, दुकानांतील मदतनीस, गिरणींतील पोरें अशी मित्रमंडळी मिळून एक तंबू घेत आणि आठवडाभर त्यांत दाटीवाटीनें नांदत. जेवण एका प्रचंड दालनांत, सर्वांचें एकत्र. सुटीच्या छावण्यांचा जो धंदा पुढें इंग्लंडभर पसरला, त्याचा मूळपुरुष म्हणून पुष्कळ लोक या कनिंगहॅमकडेच बोट दाखवितात.

४ ऑगस्ट १९१४ रोजीं युद्ध पुकारलें गेलें तें ऐन हंगामांत. पाहुणे पहिल्या मिळेल त्या बोटीनें परतले. तंबू मात्र उभेच होते, स्वयंपाकघर तयार होतें. आणि सरकारला इंग्लंडांत राहणाऱ्या जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांस अडकवून ठेवण्यासाठीं नेमकी अशीच जागा हवी होती. सप्टेंबरांत छावणीभोंवतीं तारेचें कुंपण पडलें. कैद्यांत न्हावी होते, हॉटेलांतील वाढपी होते, वीस वीस वर्षें लंडनांत संसार केलेले लोक होते. नोव्हेंबरपर्यंत त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. उन्हाळ्यांत आठवडाभर मजेचा वाटणारा तंबू थंडीपावसांत महिनोगणती काय होतो, तें सांगावयास नको. १९ नोव्हेंबर रोजीं त्याच भोजनगृहांत, वाईट अन्नावरून धुमसत असलेला राग उसळला. पहारेकऱ्यांनीं गोळ्या झाडल्या व किमान पांच कैदी प्राणांस मुकले. चौकशींत गोळीबार न्याय्य ठरविण्यांत आला. ज्या टेबलांभोंवतीं तीन महिन्यांपूर्वीं सुटीकरूंची थट्टामस्करी चालली होती, तीं टेबलें तींच होतीं.

पुढें पील गांवाजवळ नॉकॅलो येथें दुसरी छावणी उभी राहिली आणि तींत वीस हजारांहून अधिक लोक १९१९ पर्यंत कोंडले गेले. तारेच्या आड वर्षानुवर्षें रिकामें बसणाऱ्यांच्या मनाला जी कीड लागते, तिला ‘कांटेरी तारेचा रोग’ असें नांवच पडलें.

तारेच्या बाहेरहि हाल होतेच. पाहुणेघरें चालविणाऱ्या बायकांनीं कर्ज काढून पडदे-पलंग घेतलेले. पाहुणा नाहीं, पण घरभाडें व कर चुकत नव्हते. आर्जवें झालीं, सभा झाल्या. अखेर ५ जुलै १९१६ रोजीं टिनवाल्डच्या वार्षिक समारंभांत गव्हर्नर लॉर्ड रॅग्लन यांच्या अंगावर कोणीतरी गवताचें ढेंकूळ फेंकलें. त्या काळच्या राजनिष्ठ बेटावर ही केवढी गोष्ट! तें ढेंकूळ नीट नेमानें लागलें, अशीच इतिहासांत नोंद आहे.

१९४० मध्यें हाच खेळ पुन्हां मांडला गेला, आणि या वेळीं तंबूंऐवजीं पाहुणेघरेंच ताब्यांत घेण्यांत आलीं. मालकांना थोड्या दिवसांच्या सूचनेवर, सामानसुमान तसेंच टाकून बाहेर पडावें लागलें. समुद्रमार्गावर पुन्हां तार आली. आंत आलेल्यांत हिटलरच्या जाचांतून पळून आलेले यहुदी मोठ्या संख्येनें होते; शत्रूचे शत्रूच शत्रू म्हणून कोंडले गेले. स्त्रियांना बेटाच्या दक्षिण टोंकास पोर्ट एरिन व पोर्ट सेंट मेरी येथें ठेवलें. तेथें घरमालकिणी घरांतच राहिल्या, आणि कैदी बायकांना समुद्रस्नानाचीहि मुभा होती. ज्या वाळूवर पूर्वीं सुटीकरू पहुडत, तेथेंच त्या नवऱ्याच्या पत्राची वाट पाहात बसत. नवरा त्याच बेटावर दुसऱ्या छावणींत.

डग्लसच्या हचिन्सन छावणींत चित्रकार कुर्ट श्विटर्स होता. रंग-माती मिळेना तेव्हां त्यानें ओटच्या लापशीच्या मूर्ति केल्या. काळोखासाठीं तेथील खिडक्यांच्या कांचांना निळा रंग फांसला होता. कैदी कलावंतांनीं दाढीच्या पात्यांनीं तो रंग खरवडून चित्रें काढलीं. बाहेर उजेड असला, कीं तीं चित्रें खोलीच्या आंतून उजळून दिसत.