अडीच विसा: डॅनिश भाषेकडे औंधातून पाहताना

डॅनिश ही सुमारे साठ लाख लोकांची भाषा. स्वीडिश आणि नॉर्वेजियन तिच्या सख्ख्या बहिणी, इंग्रजी-जर्मन चुलत. लांबच्या नात्यात मराठीही येते. आपलं नाव, तिकडे 'नाउन'. दात म्हणजे 'टॅन'. अशी नाती शोधणाऱ्यांतला एक मोठा माणूस, रास्मुस रास्क, डॅनिशच होता. १८२० साली तो मुंबईत आला, पारशांची जुनी भाषा अभ्यासायला.

पण आज मला बोलायचंय ते आकड्यांवर. डॅनिशमध्ये पन्नासला 'हाल्ट्रेस' म्हणतात. शब्द फोडला तर अर्थ निघतो 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. परदेशी माणूस इथे डोक्याला हात लावतो. नॉर्वेजियन आणि स्वीडिश शेजारीसुद्धा! अर्धा-तिसरा म्हणजे काय? दोन पूर्ण, तिसऱ्याचा अर्धा. अडीच.

आता हे औंध. पंडित सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ इथे चालवलं, घरबसल्या संस्कृत शिकायची पुस्तकं काढली. तेव्हा इथे संस्कृतची फोड करायला हरकत नसावी. आपला 'अडीच' आला 'अर्धतृतीय'वरून. अर्धा-तिसराच की! 'दीड'मध्येही 'अर्ध' आहे, आणि डॅनिश दीडला 'अर्धा-दुसरा' म्हणतात. साडेतीनाचा आपला जुना शब्द 'औट', म्हणजे अर्धचतुर्थ. ज्यांनी औटकी पाठ केली त्यांना तो आठवेल. डॅनिश सत्तर म्हणजे याच औटाची वीसपट, आणि नव्वद साडेचाराची.

आणि वीसच का? आपली जुनी माणसंही विसांनीच मोजत. तीन विसा म्हणजे साठ. त्या हिशेबाने डॅनिश पन्नास म्हणजे सरळ अडीच विसा. खेड्यातल्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. शाळा शिकलेल्या आपल्यालाच लागतं, ही गंमत.

एकवीस म्हणताना आपण एक आधी घेतो, डॅनिशही 'एक-आणि-वीस'च म्हणते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला! मुलांना सोपं जावं हा हेतू मला चुकीचा वाटत नाही. मात्र 'औट' कुणीच रद्द केला नव्हता, तो मापं बदलली तसा मुकाट्याने गेला. नॉर्वेने १९५१ साली सरकारी निर्णयाने दशक आधी आणलं. तिथे बोलताना कित्येक जण अजूनही एकक आधी घेतात. डेन्मार्कने बदललंच नाही. तिथली मुलं आजही पन्नासला 'हाल्ट्रेस'च म्हणायला शिकतात.